ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये, माल ब्रासमध्ये: रस्त्याच्या कामात मापं कशी सांभाळायची

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एखाद्या सर्व्हिस रोडच्या कामावर उभे राहा. ड्रॉइंग मीटर-मिलिमीटरमध्ये असतं, बीओक्यू (कामांची आणि परिमाणांची यादी) घनमीटर आणि टनात. खडीची पावती मात्र ब्रासमध्ये येते, सळई सुतात मागितली जाते, शटरिंगचं प्लाय आठ बाय चार फुटी असतं. जमिनीच्या कागदावर हेक्टर-आर आणि शेजारचा जमीनमालक बोलतो गुंठ्यात. ही सगळी मापं एकाच दिवसात एकाच सुपरवायझरच्या हातून जातात.

मेट्रिक पद्धत आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने आली. आज २००९ चा वैध मापन कायदा लागू आहे. त्यामुळे करार, मोजमाप वही आणि देयक मेट्रिकमध्येच होतात. पण खडीचा बाजार आणि मेस्त्रीची जीभ अजून फुटावरच आहे. ती बदलेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, कारण नुकसान आजच्या कामात होतं. दोन्ही मापं नीट आली पाहिजेत, आणि एकातून दुसऱ्यात जाण्याची जागा ठरलेली पाहिजे.

ती जागा म्हणजे साईटचं गेट. जुन्या मापातला माल, कागद किंवा तोंडी निरोप साईटवर शिरला की तिथेच त्याचं मेट्रिक करायचं. ते एकदाच, पूर्ण गुणकाने आणि लेखी करायचं. आत शिरल्यावर फूट-ब्रासचा हिशेब कुठेही चालू ठेवायचा नाही. ब्रासचं घनमीटर, मग घनमीटरचं पुन्हा ब्रास असा फेरा झाला की प्रत्येक वळणावर थोडं थोडं गळतं आणि शेवटी कोणालाच ताळा लागत नाही.

पाठ असावेत असे आकडे फार नाहीत. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिमी आणि १ फूट म्हणजे बरोबर ०.३०४८ मीटर. हे अंदाज नाहीत, व्याख्याच तशी आहे. १०० घनफुटांचा १ ब्रास २.८३१७ घनमीटर होतो. १ सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. १ गुंठा १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, आणि ४० गुंठ्यांचा १ एकर. दाबासाठी १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १४.२२ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच). एवढं गेटवरच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरात लावून ठेवा.

ब्रास

सगळ्यात जास्त पैसा इथे जातो, म्हणून इथे थांबून बघू.

समजा २०० मीटर लांब, ५.५ मीटर रुंद रस्त्याला २०० मिमी जाडीचा जीएसबी (खडी-मुरमाचा तळाचा थर) टाकायचा आहे. दाबलेला थर २०० × ५.५ × ०.२० = २२० घनमीटर. माल सुटा येतो आणि दबाईत बसतो, म्हणून वाढ धरावी लागते. ती साधारण २५ ते ३५ टक्के असते, पण नेमका आकडा चाचणी पट्ट्यावरून काढा, दुसऱ्या खाणीच्या मालावरून उचलू नका. इथे १.३ धरू. सुटा माल २८६ घनमीटर, भागिले २.८३१७, म्हणजे १०१ ब्रास.

आता तोंडी हिशेबात सर्रास चालतं तसं ‘ब्रास म्हणजे तीन घनमीटर’ धरून बघा. उत्तर येतं ९५.३ ब्रास. साडेपाच ब्रासहून जास्त माल कमी मागवला गेला, म्हणजे जवळजवळ दोन डंपर. शेवटच्या अकरा मीटरमध्ये माल अपुरा पडतो, आणि तो भरून काढायला मागचा थर ओढून पातळ केला जातो. तिथे बसलेला खड्डा पुढे रोलरच्या माथी मारतात. चूक मागणीच्या कागदावर झालेली असते.

डंपर मोजताना आतली मापं घ्या, बाहेरची नाही. बॉडीची लांबी १४ फूट, रुंदी ७.५ फूट आणि मालाची उंची ३ फूट असेल तर ३१५ घनफूट, म्हणजे ३.१५ ब्रास किंवा ८.९२ घनमीटर. उंची एकाच जागी मोजू नका. माल सपाट करून चार कोपरे आणि मध्य अशा पाच ठिकाणी सळईने खोली घ्या आणि सरासरी काढा. पुढच्या बाजूला जॅकची पेटी आत आलेली असेल तर तिचं घनफळ वजा करा. ते न केल्याने प्रत्येक खेपेला ठरावीक माल कमी येतो, आणि ठरावीक असल्यामुळेच तो कोणाच्या नजरेला येत नाही. बॉडी वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर मालाच्या निम्म्या उंचीवरची रुंदी धरा.

खडी काट्यावर तोलून येत असेल तर ब्रास-टनाचा दर स्वतः काढा. १५ लिटरचं मोजमाप भांडं सुट्या खडीने भरा, वर सपाट करा, तोला. २२.८ किलो भरली तर घनता १.५२, म्हणजे एका ब्रासला ४.३० टन. आपल्याकडच्या काळ्या दगडाची खडी साधारण याच्या आसपास बसते, पण पाऊण इंची आणि अर्धा इंची यांत फरक पडतो. प्रत्येक आकाराचं भांडं वेगळं तोलावं.

पावसाळ्यात क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) घेताना जास्त सावध राहा. ओलसर बारीक माल फुगतो. तेवढ्याच ब्रासमध्ये दगडाचा माल कमी आणि पोकळी जास्त असते. तोलून घ्यावा तर पाण्याचंही वजन भरतं. म्हणून ओलावा काढून तेवढं वजन वजा करायचं, मग ते ब्रासच्या पावतीशी ताडायचं.

ब्रासला आणखी एक खोड आहे. तोच शब्द क्षेत्रफळालाही वापरतात. प्लास्टर, पेव्हर ब्लॉक, शटरिंग यांचा ‘ब्रास’ म्हणजे १०० चौरस फूट, ९.२९ चौरस मीटर. उपठेकेदाराच्या कोटेशनमध्ये नुसतं ब्रास लिहिलेलं असेल तर ते घन की चौरस हे त्याच्याकडून त्याच कागदावर लिहून आणि सही करून घ्या.

सूत आणि सळई

मेस्त्री तीन सूत म्हणाला की १० मिमी, चार सूत म्हणजे १२, पाच म्हणजे १६, सहा म्हणजे २०, आठ म्हणजे २५ मिमी. नव्या कामात ही नुसती नावं आहेत, त्यांनी काही बिघडत नाही. बिघडतं जुनं बांधकाम वाढवताना. रुंदीकरणात रस्त्याखालून पाणी नेणारी जुनी मोरी लांबवायची असते, तिच्या ड्रॉइंगवर अर्धा इंची सळई ६ इंचांवर दाखवलेली असते, आणि साईटवर १२ मिमी सळई १५० मिमीवर बांधली जाते.

हिशेब करून बघा. अर्ध्या इंचाची सळई खरोखर १२.७ मिमी, छेद १२६.७ चौरस मिमी. १२ मिमीचा छेद ११३.१. एका सळईमागे पोलाद पावणेअकरा टक्के कमी. ६ इंच म्हणजे १५२.४ मिमी, त्यामुळे अंतर थोडं कमी झाल्याने त्यातलं जेमतेम दीड टक्का भरून निघतं. तेवढंच पोलाद हवं असेल तर १२ मिमी सळई १३५ मिमीवर यावी लागते. जुनं आणि नवं पोलाद ताकदीला सारखं नसतं, म्हणून अंतिम निर्णय डिझायनरचा. पण प्रश्न त्याच्यापर्यंत पोचवणं साईटचं काम आहे. पाच, सहा आणि आठ सुतांत असा घाटा इतका होत नाही. पाच आणि सहा सुतांत तर बदललेली सळई उलट किंचित जाड असते. चार सूत मात्र नेहमी तपासा.

सळईची लांबी बाजारात ‘चाळीस फूट’ म्हणतात, प्रत्यक्षात ती १२ मीटर असते. ४० फूट म्हणजे १२.१९ मीटर. १२ मिमीच्या शंभर सळयांत हा फरक १९ मीटर, वजनात १७ किलो. वजन काढायला व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र मीटरसाठी आहे. फुटांना तेच लावलं की वजन तिप्पट-सव्वातिप्पट येतं. इतकी मोठी चूक निदान डोळ्यांना दिसते, १७ किलोची दिसत नाही आणि महिनाअखेरच्या ताळेबंदात ‘गहाळ’ म्हणून उभी राहते.

कव्हर ब्लॉक (सळई काँक्रीटच्या कडेपासून आत ठेवणारे ठोकळे) मिलिमीटरचेच घ्या. दीड इंची ब्लॉक ३८ मिमीचा, ४० चा नाही. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत कव्हरचा प्रत्येक मिलिमीटर सळईला गंजापासून राखतो, तिथे ‘एवढ्याने काय होतं’ चालत नाही.

उतार: फुटाला किती सूत?

उतार टक्क्यांत असतो आणि टक्क्याला एकक नसतं, म्हणून इथे गोंधळ व्हायला नको असं वाटतं. पण तो होतो, कारण मेस्त्री टक्क्यांत विचार करत नाही. त्याच्या हातात ‘फुटाला पाव इंच’ बसलेलं असतं, गच्ची आणि घरातल्या मोरीच्या कामातून आलेलं.

जास्त पावसाच्या भागात डांबरी रस्त्याला २.५ टक्के आडवा उतार देतात. ठाणे आणि नवी मुंबईत वर्षाला २००० मिमीहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे आपण त्याच गटात. ७ मीटरच्या दुपदरी रस्त्यात मध्यापासून कडेपर्यंत ३.५ मीटर, त्यावर ८७.५ मिमी उतार हवा. फुटाला पाव इंच म्हणजे २.०८ टक्के, त्याने ७३ मिमीच मिळतात. साडेचौदा मिमीची तूट. जुलैतल्या एका जोरदार सरीत कडेला पाणी रेंगाळायला आणि डांबराची खडी सुटायला तेवढं पुरतं.

मेस्त्रीला टक्के शिकवत बसू नका. त्याच्याच मापात सांगा: फुटाला अडीच सूत. ते २.६ टक्के होतात, चालतं. त्याहून बरं म्हणजे कॅम्बर बोर्ड करून द्या. ३ मीटर सरळ पट्टी घ्या, खालच्या टोकाशी ७५ मिमीचा ठोकळा पक्का करा, वर पाणसळ ठेवा. बुडबुडा मध्ये आला की उतार बरोबर. ठोकळा ३ इंची म्हणजे ७६.२ मिमीचा असला तरी उतार २.५४ टक्के, बिनधास्त वापरा. कुठे मिलिमीटर धरून बसायचं आणि कुठे सोडायचं हे अशा गुणाकारांवरूनच कळतं.

टेप, लेव्हल आणि बटणं

५.६ फूट म्हणजे ५ फूट ६ इंच नाही. साडेपाच फूट १.६७६ मीटर, ५.६ फूट १.७०७ मीटर. फरक ३० मिमी, म्हणजे बीसीचा (रस्त्याच्या वरच्या डांबरी काँक्रीटचा) एक पातळ थर. जुन्या लेव्हल बुकात आणि फुटांच्या स्टाफवर (लेव्हल घ्यायच्या उभ्या पट्टीवर) दशांश फूट असतात, टेपवर इंच. जुनं रेकॉर्ड वाचताना आधी बघा की बिंदूनंतर १२ पेक्षा मोठे आकडे येतात का. ५.८३ सारखा आकडा दिसला की ते दशांश फूट.

३० मीटरच्या टेपला एका बाजूला फूट-इंच असतात. सकाळी टेप काढल्यावर फुटाच्या बाजूला रंगाचा पट्टा ओढून ठेवणं हा साधा उपाय आहे आणि तो खरोखर उपयोगी पडतो. चाकाचं मोजयंत्र आणि लेझर मीटर यांचं एकक बटणावर बदलतं, खिशात दाबलं जाऊनही बदलतं. मोजायच्या आधी एक माहीत असलेलं अंतर मोजा. साईट केबिनच्या भिंतीवर ५ मीटरच्या दोन खुणा यासाठी पुरतात.

टोटल स्टेशनवर (अंतर आणि कोन मोजायच्या यंत्रावर) अंतराचं एकक तर बघाच, हवेच्या दाबाचंही बघा. ७६० हा पाऱ्याच्या मिलिमीटरचा आकडा आहे, तो हेक्टोपास्कलमध्ये १०१३ होतो. सेटिंग हेक्टोपास्कलवर आणि भरले ७६०, तर किलोमीटरमागे सुमारे ७ सेंटिमीटर चूक येते. खाडीवरच्या लांब पुलाच्या अंतरात ती लपत नाही.

तापमान मोजायच्या इन्फ्रारेड बंदुकीवर सेल्सिअस-फॅरनहाइटचं बटण असतं. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल पेव्हरपुढे (थर अंथरणाऱ्या यंत्रापुढे) किमान १४० अंश सेल्सिअस हवा, म्हणजे २८४ फॅरनहाइट. बंदूक फॅरनहाइटवर गेली आणि पडद्यावर १४० दिसले, तर माल प्रत्यक्षात ६० अंश सेल्सिअसवर आहे. तो केव्हाच मेलेला असतो. किमान ९० अंशांवर व्हायची दबाई त्यावर होतच नाही. घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी रात्रीच्या ब्लॉकमध्ये घाईत काम होतं, तेव्हा आकड्यापुढचं अक्षर वाचायला कोणी थांबत नाही. डंपर रिकामा करायच्या आधी वाचणारा एक माणूस नावानिशी नेमा, आणि नोंद ‘१५२ अंश से.’ अशी एककासह करायला लावा. टायर रोलरच्या हवेचंही असंच: पंपाचा गेज पीएसआयमध्ये, स्पेसिफिकेशन किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. ८० पीएसआय म्हणजे ५.६.

जमीन, नकाशे, जुने पाइप

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये असतं. १ आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा आणि आर एकच असं गावात सर्रास धरलं जातं, पण ४० गुंठे म्हणजे ४०४६.८६ चौरस मीटर आणि ४० आर म्हणजे ४०००. मध्ये ४६.८६ चौरस मीटर, जवळपास ५०४ चौरस फूट. नवी मुंबईच्या दरात ही किरकोळ गोष्ट नाही. संपादनाच्या बैठकीत गुंठ्यात बोलणाऱ्या काका-मावशींना चौरस मीटरमध्ये उत्तर देऊन मोकळं होऊ नका. दोन्ही आकडे कागदावर शेजारी लिहून द्या, नंतरचे तंटे वाचतात. तसंच ‘४० फुटी रस्ता’ म्हणजे १२.१९ मीटर. आराखड्यात तो १२ मीटर लिहिला असेल तर १९० मिमी कोणाच्या कुंपणात गेले हे आधी ठरवून घ्या.

जुन्या नकाशाचं प्रमाण ‘१ इंच = ४० फूट’ असेल तर ते १:४८०. त्यावर १:५०० ची पट्टी ठेवली की १०० मीटर अंतर १०४.१७ मीटर दिसतं. झेरॉक्स लहान-मोठी झालेली असते, म्हणून पट्टी वापरायच्या आधी नकाशावर काढलेली प्रमाणरेषा मोजा.

पाइपचं इंची माप हे नाव असतं, लांबी नाही. चार इंची पीव्हीसी पाइप बाहेरून ११० मिमी असतो, १०१.६ नाही. त्यामुळे खोदाईची रुंदी किंवा पाइपवरचं काँक्रीट ठरवताना नावाला २५.४ ने गुणू नका. जुनी मोठी जलवाहिनी आडवी आली तर चाचणी खड्डा घ्या, वाहिनीभोवती टेप गुंडाळून परीघ मोजा आणि ३.१४१६ ने भागा. परीघ ५.७४५ मीटर आला तर बाहेरचा व्यास १८२९ मिमी, म्हणजे ७२ इंच. ड्रॉइंगवर १८०० लिहिलेलं असेल तर मोकळ्या जागेतून २९ मिमी वजा झाले.

अमेरिकेची ड्रॉइंग हाताळणाऱ्यांसाठी

इथल्या कार्यालयात बसून अमेरिकेतल्या महामार्गांची ड्रॉइंग करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. तिकडे नव्वदच्या दशकात महामार्गांची कामं मेट्रिकमध्ये नेण्याचं ठरलं होतं, १९९६ ची मुदत पुढे २००० वर गेली, आणि १९९८ च्या कायद्याने सक्तीच उठली. राज्यं पुन्हा फुटांवर गेली. त्यामुळे एकाच रस्त्याची आधीची ड्रॉइंग फुटांत, मधली मीटरमध्ये आणि नंतरची पुन्हा फुटांत सापडू शकतात. मेट्रिकमध्ये लेन ३.६ मीटरची धरली जायची, १२ फुटी लेन ३.६५७६ मीटरची. चार लेनमध्ये २३० मिमीचा फरक पडतो, आणि नवी-जुनी कड जुळत नाही ती इथे.

चेनेजवरून (रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतराच्या आकड्यावरून) ओळख पटते. तिकडचं १२+५० म्हणजे १२५० फूट, कारण एक स्टेशन १०० फुटांचं. आपलं १२+५०० म्हणजे साडेबारा किलोमीटर. अधिक चिन्हानंतर दोन आकडे की तीन, हे आधी बघा. आणि तिकडचा ‘सर्व्हे फूट’ ०.३०४८ मीटरहून दहा लाखात दोन भागांनी मोठा आहे. २०२२ अखेर तो बंद केला, पण जुन्या फायलींत आहेच. वीस लाख फुटांच्या आसपासचे कोऑर्डिनेट असतील तर पूर्ण रस्ता ४ फूट सरकतो. कॅड फाइल जोडण्याआधी तिचं एकक सेटिंगमध्ये बघा, आणि दोन ज्ञात बिंदूंमधलं अंतर मोजून खात्री करा.

नोंद कशी लिहायची

गेटवरच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पावतीसमोर चार रकाने ठेवा: पावतीवरचा आकडा जसाच्या तसा, त्याचं एकक, गुणक, आणि मेट्रिक उत्तर. ‘३.१५ ब्रास × २.८३१७ = ८.९२ घमी’. गुणक लिहिलेला असला की सहा महिन्यांनी तपासणारा चूक शोधू शकतो. नुसतं ८.९२ लिहिलं तर नाही. मधल्या पायऱ्यांत आकडा पूर्ण ठेवा आणि शेवटीच गोळा करा. मोजमाप वहीत लांबी-रुंदी जवळच्या १० मिमीपर्यंत, थराची जाडी ५ मिमीपर्यंत आणि घनफळ ०.०१ घनमीटरपर्यंत. मूळ पावतीवर खाडाखोड करून मेट्रिक आकडा लिहू नका. तो शेजारी, वेगळ्या शाईने लिहा आणि खाली सही करा.